सिग्नलवरचा पक्षी

जपानला जाऊन काय काय पाहिलंत, असं कर्जतच्या भाजीबाजारात अजून कोणी ना कोणी विचारतंच. मी किल्ला सांगते, हरणं सांगते, गरम पाण्याचा संडास सांगते. संडासावर लोक खूश होतात आणि विषय संपतो. खरं म्हणजे मला त्या सगळ्या सहलीतला एकच दिवस मनापासून आठवतो. त्या दिवशी आम्ही नवरा-बायको ओसाका शहरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पायी भटकलो. तिकीट काढून बघावं असं काहीच बघितलं नाही. पण त्या दिवशी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तो कसा उतरला हे भाजीबाजारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

धोंडा असा होता. आमच्या ह्यांना विस्मरणाचा आजार लागलाय, अशी माझी खात्री झाली होती.

हे डोंगराखालच्या वीजघरात नोकरीला होते. सगळं आयुष्य यंत्रांच्या दालनात गेलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही कर्जतला लहानसं घर बांधलं. पुढे अंगणात जास्वंद आणि मागे शेवगा. पहिली काही वर्षं झकास गेली. मग सगळ्यांनी तोंडाला मास्क बांधायचे दिवस आले आणि त्याच सुमारास ह्यांचं काहीतरी बिनसलं. सांगितलेलं लक्षात राहीना. गॅस बंद करा म्हणून मी न्हाणीघरात जायची, तर हे पेपर वाचत बसलेले आणि दूध उतू जाऊन बर्नरवर करपलेलं. संध्याकाळी बारशाला जायचंय, तयार राहा, असं सांगून मी बाजारात गेले, परत येऊन बघते तर हे बनियनवर झाडांना पाणी घालताहेत. विचारलं तर चेहरा कोरा. "तू कधी सांगितलंस गं?" एवढंच. मी चिडले की गप्प. हळूहळू गप्पच जास्त राहायला लागले. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरायची आणि कोणी काही बोललं की हसून मान डोलवायची, मग त्याने जेवण विचारलेलं असो की तब्येत.

नातेवाइकांनी निदान करून टाकलं. एका भाच्याने मला मोबाइलवर व्हिडिओ पाठवले. सुरुवात अशीच होते आणि शेवटी माणूस घरच्यांकडे बघून हे कोण म्हणून विचारतो, असं त्यांत होतं. मी ते एकटीने पाहिले आणि काढून टाकले. ह्यांना मी एका शब्दाने काही बोलले नाही. माणसाला तोंडावर कसं सांगायचं की अहो, तुमचं डोकं रिकामं होत चाललंय? मुलीला मात्र फोनवर सांगितलं. ती ओसाकाला नोकरी करते. आधी रडली आणि मग दुसऱ्याच दिवशी आमची तिकिटं काढून मोकळी झाली. "आत्ताच या," म्हणाली. बाबांना सगळं कळतंय, आठवतंय, तोवर त्यांना तिचं घर, तिचं गाव दाखवून घ्यावं, असा त्याचा अर्थ होता. तो आम्हा दोघींना ठाऊक होता, ह्यांना नाही. परत आल्यावर पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे दाखवायचं, हेही आम्ही दोघींनी परस्पर ठरवून ठेवलं होतं.

आम्ही गेल्यावर मुलीने थोडे दिवस रजा काढली, मग तिला कामावर जाणं भाग पडलं. त्या सकाळी ती म्हणाली, "आज घरीच आराम करा, नाहीतर खालच्या बागेपर्यंत जाऊन या." ह्यांनी तिच्याकडे बघत बुटाची नाडी बांधायला घेतली होती. "घरी बसायला कर्जत काय वाईट हाय?" म्हणाले. शेवटी तिने माझ्या फोनवर नकाशा लावून दिला, तिच्या घराच्या जागेवर लाल टिंब करून दिलं आणि मला दारात हळूच सांगितलं, "आई, बाबांचा हात सोडू नकोस."

आता, आम्ही दोघं कर्जतमध्ये असे चालतो की हे चार घरं पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. इतक्या वर्षांत रस्त्यात हात धरलेला मला तरी आठवत नाही. खाली उतरल्यावर मी ह्यांचा हात धरला तर हे दचकलेच.

"अगं, लोकं काय म्हणतील?"

"इथे आपले लोक आहेत कुठे?" मी म्हटलं.

ह्यांनी आजूबाजूला बघून घेतलं, मग हात तसाच राहू दिला. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. पण मनात मी हात धरला नव्हता, पहारा धरला होता.

रस्ते स्वच्छ, माणसं घाईत आणि सायकली फुटपाथवरून. मागे एक पोर, पुढे एक पोर, दोघांना घेऊन सायकल चालवणाऱ्या आया. एक अशीच मागून घंटी वाजवत आली. हे आपले मधोमध चाललेले. घंटी वाजली, पुन्हा वाजली, हे ढिम्म. मी ओढून बाजूला केलं तेव्हा सायकल गेलेली बघून ह्यांनी तिला नमस्कारही केला. रस्त्यात घंटी वाजली की बाजूला व्हायचं, हेसुद्धा आता विसरले, असं वाटलं.

आणि त्याच्या पुढच्या तासाभरात ह्यांनी मला पार गोंधळात टाकलं.

माशांचा बाजार लागला. लांबलचक गल्ली, वरून छप्पर घातलेलं आणि दोन्ही बाजूंना दुकानं. कुठे शिंपले भाजताहेत, कुठे काड्यांना टोचलेलं काहीबाही. गर्दी आपल्याकडच्या जत्रेएवढी, पण धक्काबुक्की नाही. एका दुकानात टोपल्यांमधून बारीक सुकी मासळी ओतून ठेवली होती. हे जागेवर थांबले. "जवळा," म्हणाले. तो जवळा नव्हता, दुसरीच कसली तरी पिल्लं होती, पण वास थेट आमच्या पावसाळी डब्याचा. दुकानदार म्हातारा होता, माझ्या वडिलांच्या वयाचा असावा. ह्यांनी त्याला हातानेच विचारलं, हे करतात कसं? त्याने हाताने कढई दाखवली, भात दाखवला, वरून भुरभुरायचं दाखवलं. ह्यांनी कांदा कापून दाखवला, डोळे पुसून दाखवले, मिरची दाखवून जिभेवर फुंकर मारून दाखवली. म्हातारा हसत सुटला. त्याने आतून आपल्या बायकोला बोलावलं आणि ह्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सगळं करून दाखवलं. निघताना त्याने एक मूठ मासळी पुडीत बांधून हातात ठेवली आणि पैसे घ्यायला तयार होईना.

मी बाजूला उभी राहून बघत होते. लग्नात खुर्ची धरून बसणारा माणूस तो हाच का? कर्जतला चार वाक्यं बोलायची मारामार आणि इथे, जिथे एक अक्षर कळत नाही, तिथे गप्पांचा फड. ह्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. आनंद झाला, पण तो आनंद ठेवायचा कुठे ते कळेना. व्हिडिओत असंही होतं की मधूनच एखादा दिवस चांगला जातो.

पुढे फोनवरचा नकाशा बिघडला. छपराखालच्या बाजारात आमचं निळं टिंब आपल्याच भोवती गोल गोल फिरायला लागलं. मी एकदा उजवीकडे नेलं, एकदा डावीकडे, आणि पुन्हा त्याच सुऱ्यांच्या दुकानापाशी येऊन उभे राहिलो. आपण चुकलो तर चुकलो, पण ह्यांना कळलं की आपण चुकलोय तर हे घाबरतील, असं मला वाटत होतं. हे शांतपणे म्हणाले, "ते ठेव गं पिशवीत. येताना ऊन डाव्या गालावर होतं. आता दुपार कलली, जाताना पण डाव्याच गालावर घ्यायचं."

मी मनात हिशेब मांडून बघितला. बरोबर होतं. मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, येताना काय काय लागलं होतं? ह्यांनी धडाधड सांगितलं. न्हाव्याचं दुकान, बाहेर फिरणारी लाल-निळी दांडी. मग काचेत बाहुल्या मांडलेलं घर. मग दगडाच्या कोल्ह्यांचं छोटं देऊळ, त्यातल्या एका कोल्ह्याचा कान फुटलेला. फुटलेला कान मी बघितलाही नव्हता. परत जाताना मुद्दाम त्या देवळाशी थांबले, आणि होता फुटलेला. मी त्या कोल्ह्याला हात जोडले. कोल्हा म्हणजे तिथला देव की देवाचं वाहन, मला माहीत नाही, पण त्या क्षणी मी कुणालाही हात जोडले असते.

तिथून पुढे मोठा चौक होता आणि तिथे सगळा उलगडा झाला.

तिकडे रस्ता ओलांडायच्या सिग्नलला पक्ष्यांचा आवाज लावलेला असतो. डोळ्यांनी अधू माणसाला कळावं म्हणून. मुलीने आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. एका बाजूचा रस्ता मोकळा झाला की कोकिळेच्या जातीचा एक पक्षी घुमतो आणि आडव्या बाजूचा मोकळा झाला की कोंबडीचं पिल्लू चिवचिवतं. म्हणजे नुसत्या आवाजावरून कळतं कुठल्या बाजूने जायचं. ह्यांना तो घुमणारा पक्षी फार आवडला होता. "आपला पावशाच ठेवलाय," असं म्हणत हे प्रत्येक सिग्नलला खूश व्हायचे.

त्या चौकात आम्हाला आधी सरळ जायचं होतं. घुमणारा पक्षी घुमला, हे माझ्या आधी पाऊल टाकून चालू लागले. पलीकडे गेल्यावर आडवा रस्ता ओलांडायचा होता. दिवा हिरवा झाला, पिल्लू चिवचिवायला लागलं, कानात सुई घातल्यासारखं. माणसं निघाली. हे उभेच. खांबाकडे बघत मला म्हणाले, "ह्या बाजूला पक्षी बसवलेला नाय वाटतं."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. "काय बोलताय? ओरडतंय की."

"कुठं?"

"अहो, हे काय. नीट ऐका ना."

ह्यांनी मान तिरकी केली, खांबाजवळ गेले, वरच्या भोंग्याखाली उभे राहिले. तो बिचारा डोक्यावर किंचाळत होता आणि हे मला म्हणाले, "बंद हाय तो."

दिवा लाल झाला. मी ह्यांना तिथेच धरून ठेवलं. मुलांना शिकवण्यात जन्म गेलाय माझा, परीक्षा घेतल्याशिवाय मी सोडते होय? म्हटलं, इथे उभे राहा, डोळे मिटा, आणि आवाज आला की बोट वर करा. हे म्हणाले, रस्त्यात काय हे? पण डोळे मिटले. घुमणारा पक्षी घुमला, बोट वर. थांबला, बोट खाली. पिल्लू ओरडायला लागलं, बोट खाली. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती, एक आजोबा तर वळून वळून बघत होते. पिल्लू थांबलं, बोट खाली. पुन्हा घुमला, बोट वर. आम्ही असे कितीतरी सिग्नल घालवले. एकदाही ह्यांनी पिल्लाला बोट वर केलं नाही.

आणि मग माझ्या डोक्यात एकेक करून दिवे लागायला लागले. शाळेत पोरं मला पाठीमागे शिट्टीबाई म्हणायची, इतका माझा आवाज बारीक आणि वर चढणारा. मुलीचाही आवाज माझ्यावर गेलाय. बहिणीचा तसाच. सायकलची घंटी बारीक. शेजारचे दादा मात्र ढोलासारखे बोलतात आणि त्यांच्याशी हे ओट्यावर तासन्‌तास बसतात, त्यांचं एक वाक्य विसरत नाहीत. मला त्याचा किती राग यायचा.

हे पुढे चालायला लागले होते. मी हात सोडला आणि मागे राहिले. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, थांबा जरा." हे चाललेत. जरा जोरात म्हटलं. शेजारची जपानी बाई वळली, हे नाही. मग मी घसा खाली दाबला आणि आमच्या शाळेच्या शिपायासारखा जाडा आवाज काढून म्हटलं, "अहो."

हे चटकन वळले. "असं काय बोलतीस गं? सर्दी झाली काय?"

मला आधी हसू फुटलं. मग हसता हसता रडू आलं आणि ते थांबेना. मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. हे घाबरले, पाण्याची बाटली काढली, पाठीवरून हात फिरवायला लागले, भर रस्त्यात, लोकं काय म्हणतील याचा विचार न करता. दुकानातली मुलगी बाहेर आली आणि माझ्यापुढे कागदी रुमालांचं खोकं धरून उभी राहिली. तिला काय सांगणार? माझा नवरा बहिरा आहे हो, आणि मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

जवळच कालवा होता. काठाला बाकं होती. तिथे बसून मी ह्यांच्याकडे तोंड करून, त्याच जाड्या आवाजात विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

हे पाण्याकडे बघत म्हणाले, "येतं. पण तुटक येतं. बायांचं आणि पोरांचं तर नायच."

यंत्रांच्या दालनात कोणाला कोणाचं ऐकू जात नसे. सगळा कारभार हातांच्या खुणांवर आणि ओठांकडे बघून. कानात घालायची बोंडं मिळत, पण ह्यांना त्यांनी खाज सुटायची म्हणून ती खिशातच राहायची. कान कधी जायला लागले ते ह्यांचं ह्यांनाही कळलं नाही, कारण ओठ वाचायची सवय इतकी मुरली होती की आपण ऐकतो की बघतो हेच समजत नव्हतं. "मंग सगळ्यांनी तोंडं बांधली," हे म्हणाले, "अन माझं ऐकणंच बंद पडलं. तवा कळलं मला."

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं?"

ह्यांचे एक चुलते होते, मी लग्न होऊन आले तेव्हा जिवंत होते. ठार बहिरे. गावात ज्याला त्याला त्यांच्यावर ओरडायची मुभा होती. जेवायला या हेसुद्धा त्यांना शिवी दिल्यासारखं सांगितलं जाई आणि ते वाकून, कानाला हात लावून, हसत उभे राहत. ते मी विसरले होते, हे विसरले नव्हते.

"बहिऱ्यावर लोकं ओरडतात गं," हे म्हणाले. "विसरभोळ्याशी हळू बोलतात. समजुतीनं घेतात. म्हटलं, विसरतो म्हणतायत ना, मंग विसरतो तर विसरतो."

मी कपाळाला हात लावला. मी ह्यांना रोज सकाळी भिजवलेले बदाम खायला घालत होते. समोर बसून साल काढायची, एकेक हातावर ठेवायची आणि डोक्याला व्यायाम म्हणून प्रश्न विचारायचे. आज वार कोणता, काल भाजी कुठली होती, आपल्या लग्नाला कोण कोण आलं होतं. हे प्रत्येक उत्तर बरोबर द्यायचे आणि मी मनात म्हणायची, चला, अजून एक दिवस मिळाला.

"ते बदाम कशाला खाल्लेत मग गुपचूप?" मी विचारलं.

"तू समोर बसायचीस ना," हे म्हणाले. "माझ्याकडं बघून बोलायचीस. दिवसभरात तेवढंच तुझं नीट ऐकू यायचं."

मग मी माझी भीती सांगून टाकली. सगळी, व्हिडिओंसकट. म्हटलं, मला वाटत होतं एक दिवस तुम्ही माझ्याकडे बघून ही बाई कोण म्हणून विचाराल. ह्यांनी माझ्याकडे बघितलं ते असं, की मीच कोणी परकी बोलतेय. "अन तू हे एकटी घेऊन फिरत होतीस?" एवढंच म्हणाले. मग माझ्या हातातला तो कागदी रुमाल घेऊन स्वतःचं नाक पुसलं.

मुलीला तिथूनच फोन लावला. ती कचेरीत होती, कुजबुजत बोलली. मी म्हटलं, "अगं, बाबा बहिरे झालेत." मग जिन्यात गेल्यासारखा तिचा आवाज घुमला, "फक्त बहिरे?" मी म्हटलं, "फक्त बहिरे." मग आम्ही दोघी फोनवर वेड्यासारख्या हसलो. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हणाले, "गोड बातमी कळवतीस तशी कळवू नको." पनवेलला आम्ही नंतर गेलोच, पण कानाच्या डॉक्टरांकडे. आता ह्यांच्या दोन्ही कानांत यंत्रं असतात आणि माझा आवाज किती वर चढतो हे ह्यांना नव्याने समजल्यामुळे अधूनमधून ती काढूनही ठेवली जातात.

पण त्या दिवशी यंत्रं नव्हती. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं, दुकानांच्या पाट्या पेटायला लागल्या होत्या. मी ह्यांच्याकडे बघत, जवळजवळ आडवी चालत होते आणि बोलत होते. किती दिवसांत मी ह्यांना काही सांगायचंच सोडून दिलं होतं. सांगून काय उपयोग, विसरणारच, असं म्हणून. धाकट्या जावेचं ऑपरेशन, शेजारच्या मुलीचं ठरलेलं लग्न, खालापूरकडच्या आमच्या माहेरच्या जमिनीतून जाणारा रस्ता, सगळं सांगत सुटले. हे मधून मधून थांबवून म्हणत होते, "हे मला म्हाईतच नाय."

कालव्यावरच्या पुलावर आलो आणि बोलता बोलता मी थबकले. एक गोष्ट माझ्या घशाशी आली, जी मी कोणाजवळ काढली नव्हती.

माझी आई गेली त्या सकाळी भावाचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. हे पाठीमागे पेपर घेऊन बसले होते. मी वळले नाही, मला वळवेना. परातीकडे बघतच म्हटलं, आई गेली हो. मागून "बरं" असा आवाज आला. मग खुर्ची सरकली आणि हे बाहेर जाऊन जास्वंदीला पाणी घालायला लागले. मी गॅस बंद केला, शेजारच्या वहिनींना घेतलं आणि निघून गेले. हे मागाहून आले. तेव्हापासून मी मनाशी दोन गोष्टी घोळवत होते, की हा माणूस आजारी आहे, नाहीतर ह्याचं काळीज दगडाचं आहे. आजार धरून चालले, कारण तो सोसायला सोपा होता.

हे मी पुलावर ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरत गेला.

"तू मला सांगितलंस?" हे म्हणाले. "मला तर शेजारच्या दादांनी सांगितलं. मी म्हटलं, ही मला न सांगता गेली. काय तरी माझं चुकलं असणार. तिकडं आलो तर मी सगळ्यांच्या मागं उभा राह्यलो. जावई म्हणून पुढं व्हायचं धाडस नाय झालं."

त्या गर्दीत ह्यांना पुढे बोलवायला हवं हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. शेवटच्या रांगेत टोपी हातात धरून उभे असलेले हे मला दिसले होते, आणि मला वाटलं होतं, बघा, कुणाचं काय चाललंय ह्यांना कळतसुद्धा नाही.

पुलावरून माणसं चालली होती, फोटो काढत होती, कुणाला आमचं काही देणंघेणं नव्हतं. मी ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. घसा खाली घेतला. ह्यांचे डोळे माझ्या ओठांवर आले.

"माझी आई गेली हो," मी म्हटलं.

ह्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढली. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून तळहातावर थोडं पाणी घेतलं, कोणी गेल्याचं कळलं की आपल्याकडे लावतात तसं स्वतःच्या डोळ्यांना लावलं, मग माझ्या डोळ्यांना लावलं. कठड्याला टेकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"कशी गेली गं?" हे म्हणाले. "सांग मला."

आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.